गोल म्हणजे साल की गर? (द्राक्षाचा मणी, व्यापाऱ्याची पट्टी आणि दहावीचं गणित)

माळरान_तासगाव

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. मागच्या आठवड्यात व्यापारी माल बघायला आला. माल बघायची रीत ठरलेली. घड तळहातावर तोलायचा, एक मणी तोडून तोंडात टाकायचा, मग खिशातनं भोकांची पट्टी काढायची. भोकांवर १६, १८, २० असे मिलिमीटर लिहिलेले असतात. मणी भोकात अडकला तर पास, खाली पडला तर बारका. माझ्या हिशेबानं माल १८ चा होता. त्याच्या पट्टीतनं निम्मे मणी टपाटपा पडले. "फुगवण कमी पडली मालक," म्हणाला आणि किलोमागं सात रुपये तोडले.

रात्री जेवताना माझी कुरकुर चालू होती. "दोन मिलिमीटरनं असा काय फरक पडतो? काडीपेटीतल्या काडीच्या जाडीएवढं!" थोरली दहावीला आहे. तिनं ताटातनं मान वर न काढता सांगितलं, "पप्पा, दोन मिलिमीटर नाही, बेचाळीस टक्के."

घास हातातच राहिला. तिनं मग वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. १८ भागिले १६ म्हणजे १.१२५. त्याचा घन १.४२. रुंदी वाढली साडेबारा टक्के, पण मण्यात मावणारा गर वाढला बेचाळीस टक्के. वीस वर्षं बाग करतोय, जीएची डिपिंग (मणी फुगायला घड संजीवकात बुडवणं) करतोय, विरळणी करतोय, पण हा हिशेब कधी केला नव्हता.

पुढचा प्रश्न तिचाच. "गोल म्हणजे नक्की काय? वरची साल का आतला गर धरून?" शाळेत विचारलं तर "हे परीक्षेला येत नाही" असं उत्तर मिळालं म्हणे. मला तर येतच नाही. आणि पृष्ठफळाच्या सूत्रात (४ × पाय × त्रिज्येचा वर्ग) ते ४ कुठनं आलं? ३ का नाही, साडेचार का नाही? द्राक्ष गोल, थेंब गोल, चंद्र गोल, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय का काय?

जाणकारांनी सांगावं. पोरगी वाचणार आहे, तेव्हा जरा समजेल असं लिहा.

---

अजिंक्यतारा_मास्तर

भाऊ, आधी लेकीला शाबासकी. तिला म्हणावं, हा प्रश्न पुस्तकातल्या बऱ्याच उदाहरणांपेक्षा चांगला आहे. मी साताऱ्यात छत्तीस वर्षं गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी पाच-सहाच पोरं भेटली असतील.

गणितात गोल म्हणजे फक्त साल. मध्यापासून सगळीकडं सारख्या अंतरावर असलेले बिंदू, बस्स. आतला गर त्यात नाही. गरासकट हवा असेल तर त्याला वेगळं नाव लागतं, आणि गंमत म्हणजे ते नाव आपल्या घरात आहेच: गोळा. साबणाचा फुगा म्हणजे गोल. कणकेचा, तोफेचा, शेणाचा तो गोळा. स्वयंपाकघरात "कणकेचा गोल कर" असं कुणी म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक ठाऊक होता, पुस्तकवाले मात्र "गोलाचे घनफळ" लिहून मोकळे होतात.

गोंधळ उलट्या बाजूनंही आहे. आपण चपातीही गोल म्हणतो आणि लाडूही गोल म्हणतो. चपातीची कड म्हणजे वर्तुळ. म्हणून वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगायचो, "गोल" शब्द उच्चारला की हातानं दाखवायचं, बांगडी का चेंडू.

तरी भाषेनं मोठं काम केलंय. भूगोल आणि खगोल हे शब्द मोठ्यानं म्हणून बघा. एकात पृथ्वीचा गोल बसलाय, दुसऱ्यात आकाशाचा. इयत्ता तिसरीतलं पोरगं "भूगोलाचं पुस्तक" म्हणतं तेव्हाच पृथ्वी चेंडूसारखी आहे हे त्यानं म्हणून टाकलेलं असतं.

४ कुठनं आलं ते सावकाश लिहितो. आत्ता दूध तापत ठेवलंय.

---

कुपवाडकर

मास्तरांचं दूध उतू जायच्या आत मी पुढं येतो 😀

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. माळरानदादा, तुमच्या लेकीचं उत्तर बरोबर, पण त्यात एक अट लपलीय. मणी सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढला तरच बेचाळीस टक्के. तुमचा माल थॉमसनच्या जातकुळीतला असणार, म्हणजे मणी लांबट. रुंदी वाढली आणि लांबी तेवढ्या प्रमाणात नाही वाढली, तर आकडा कमी येईल. लांबी अजिबात वाढली नाही तर फक्त वर्ग लागेल, १.१२५ चा वर्ग म्हणजे साडेसव्वीस टक्के.

एक काम करा. १६ चे पन्नास आणि १८ चे पन्नास मणी मोजून किराणा काट्यावर टाका. रुंदी-लांबी पण मोजून कळवा.

---

सुगरण_औंध

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण "गोल का होतं" ते मी रोज बघते. लग्नसराईत बुंदीच्या ऑर्डरी घेते.

झाऱ्याच्या भोकातनं पीठ सुटतं तेव्हा ते काही गोल नसतं, लांबुडका ओघळ असतो. तेलात पडेपर्यंत वीतभर अंतरात ते आपसूक गोल होतं. पीठ पातळ झालं की बुंदी चपटी, घट्ट झालं की शेपटीची. झारा फार उंच धरला तरी चपटी. आमच्या सासूबाई म्हणायच्या, बुंदी आपण करत नाही, ती पडता पडता होते.

आता हे का होतं ते शिकलेल्यांनी सांगा.

---

कुपवाडकर

ताई, सासूबाईंना दंडवत. याच युक्तीवर इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं १७८२ मध्ये पेटंट घेतलं होतं. बंदुकीचे शिशाचे छर्रे करायला तो वितळलेलं शिसं चाळणीतनं उंचावरून खाली पाण्यात सोडायचा. पडता पडता थेंब गोल होऊन थिजायचे. तुमच्या तेलाच्या जागी त्याचं पाणी, एवढाच फरक.

कारण असं. द्रवाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या बाजूला ओढले जातात, त्यामुळं पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा वागतो. त्याला आक्रसायचं असतं, पण आतला माल तर तेवढाच. मग तेवढाच माल कमीत कमी सालीत बांधणारा आकार कुठला? गोल. दुसरा कुठलाच नाही. दिसायला हे सोपं वाटतं, पण घनाकृतींसाठी याची पक्की सिद्धता हेर्मान श्वार्त्स या जर्मन गणितज्ञानं १८८४ मध्ये दिली. बुंदी त्याच्या कितीतरी आधीची.

---

शंकासूर

मग पावसाचा थेंब असा वर टोकदार का असतो? पुस्तकात तर तसाच काढतात.

---

कुपवाडकर

तो चित्रातच असतो. खरा बारका थेंब, दोनेक मिलिमीटरपर्यंतचा, गोलच असतो. मोठा झाला की खालून हवा दाबते आणि तो पावासारखा, म्हणजे खाली सपाट वर फुगीर होतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं गेला की फुटतो. महाबळेश्वरच्या पावसातसुद्धा लिंबाएवढा थेंब पडत नाही, त्याचं कारण हे.

---

शंकासूर

ठीक. पण पृथ्वी गोल नाही, हे तर मान्य कराल? फुगलेली आहे. वर हिमालय आहे, सह्याद्री आहे. उगाच "भूगोल" म्हणून मास्तरांनी भाव खाल्ला.

---

अजिंक्यतारा_मास्तर

दूध वाचलं.

शंकासूरराव, फुगलेली आहे, अगदी मान्य. स्वतःभोवती फिरते म्हणून विषुववृत्तापाशी पोट सुटलंय. तिथं त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६३५७. व्यासात ४३ किलोमीटरचा फरक. आता हीच पृथ्वी माळरानभाऊंच्या १८ मिमीच्या मण्याएवढी करा. तो ४३ किलोमीटरचा फरक उरतो ०.०६ मिलिमीटर. आणि एव्हरेस्ट? मिलिमीटरचा ऐंशीवा भाग. सालीवरच्या पांढऱ्या मेणात हरवेल. तासगावच्या कुठल्याही बागेत पृथ्वीइतका गोल मणी मिळाला तर मला कळवा.

आणि आकार मोठा असल्याशिवाय हा गोलपणा येत नाही, हेही लक्षात घ्या. मंगळाचा चंद्र फोबोस जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, तो बटाट्यासारखा वेडावाकडा आहे. त्याचं गुरुत्वाकर्षण स्वतःच्या दगडाला वाकवू शकत नाही. सेरेस हा लघुग्रह सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा, तो छान गोल आहे. बुंदीला पृष्ठताण गोल करतो, ग्रहाला वजन गोल करतं. कारणं दोन, आकार एक.

आता ते ४.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या लीलावतीत एक ओळ आहे: "क्षुण्णं वेदैरुपरि परितः कन्दुकस्येव जालम्". कन्दुक म्हणजे चेंडू. वेद म्हणजे चार, कारण वेद चार. चेंडूएवढ्याच व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, चारानं गुणा, की चेंडूवर सगळीकडनं चढवलेल्या जाळीचं माप मिळतं. "जाळी" म्हटल्याबरोबर गोल म्हणजे साल, हे त्यांनी सांगूनच टाकलंय बघा. पुढं त्याच श्लोकात घनफळ: पृष्ठफळाला व्यासानं गुणा, सहानं भागा. लेकीला करून बघायला सांगा, ४/३ × पाय × त्रिज्येचा घन हेच हाती येतं.

मला खरा आवडतो तो त्यांचा राग. त्यांच्या आधीच्या लल्ल या गणिती-ज्योतिष्यांनी गोलाचं पृष्ठफळ चुकीचं दिलं होतं, आणि भास्कराचार्यांनी ते नुसतं चूक म्हणून सोडलं नाही. मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्या म्हणाले, त्यावर आवळ्याला असतात तशा वरून खाली रेघा ओढा, आणि एकेक फाक मोजा. आवळा! मी वर्गात हे सांगताना दरवर्षी खिशातनं आवळा काढायचो, आणि तास संपला की तो पहिल्या बाकावर कुणीतरी खाल्लेला असायचा.

थोरामोठ्यांच्या चुका सांगायला लाजू नये. आर्यभटांनी ४९९ मध्ये गोलाचं घनफळ दिलं ते खऱ्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त येतं. ज्या माणसानं पाय ३.१४१६ सांगितला, त्याच्याच ग्रंथात ही चूक आहे. गोल असा फसवतो.

---

माळरान_तासगाव

मास्तर, नमस्कार. लेक म्हणते, उद्या आवळा आणा.

कुपवाडकर, मोजमाप केलं. मुलाकडचा व्हर्नियर (जाडी-रुंदी बारकाईनं मोजायचं साधन) घेतला, तो पॉलिटेक्निकला आहे. १६ रुंदीचे मणी लांबीला साधारण २० भरले, पन्नास मण्यांचं वजन १४४ ग्रॅम. १८ रुंदीचे लांबीला २२, पन्नासचं वजन १९९ ग्रॅम. म्हणजे अडतीस टक्के वाढ. बेचाळीस नाही आली.

---

कुपवाडकर

व्वा! अगदी जमलंय. लांबी २० ची २२ झाली म्हणजे दहाच टक्के वाढली, रुंदी साडेबारा. म्हणून आकडा जरा खाली.

आता मजा बघा. लांबट मण्याचं घनफळ म्हणजे रुंदी × रुंदी × लांबी × पाय भागिले ६. (भास्कराचार्यांचं "सहानं भागा" आठवलं का?) १६ वाले पन्नास मणी १३४ घनसेंटिमीटर, १८ वाले १८७. तुमच्या वजनांना यांनी भागलं तर दोन्हीकडं १.०७ च्या आसपास येतं. म्हणजे मणी पाण्यापेक्षा सात टक्के जड. ती सात टक्के साखर आहे दादा. म्हणजे साखर सात टक्के असं नाही, तिच्यामुळं वाढलेली घनता सात टक्के. १७-१८ ब्रिक्सच्या (म्हणजे शंभर ग्रॅममागं तेवढे ग्रॅम साखर) रसाची घनता एवढीच असते. तुमचा माल गोडीला कुठं आहे?

---

माळरान_तासगाव

अहो, रिफ्रॅक्टोमीटरवर साडेसतरा लागलाय!! किराणा काट्यावर गोडी मोजता येते हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

---

बेदाणा_सावळज

नुसतं वाचत होतो, आता राहवेना. आमची बेदाण्याची शेड आहे. मोठा मणी वाळायला जास्त दिवस का घेतो, ते पण यातनंच निघतं का?

---

कुपवाडकर

निघतं. पाणी सालीतनं जातं, पण पाणी साठलंय गरात. गोळ्याला ग्रॅममागं साल किती, हे व्यासाच्या उलट्या प्रमाणात असतं. १२ मिमीच्या मण्याला ग्रॅममागं जेवढी साल, त्याच्या दोन तृतीयांशच १८ मिमीच्या मण्याला. शिवाय आतल्या पाण्याला सालीपर्यंत यायला लांबचा पल्ला. तुम्ही डिपिंग ऑइलमध्ये बुडवता ते सालीवरचं मेण मोडायला, म्हणजे वाट मोकळी करायला. पण सालीचं क्षेत्रफळ काही वाढत नाही.

उंदराला सारखं खावं लागतं आणि हत्तीला कान पंख्यासारखे लागतात, तेही याच हिशेबानं.

---

तंबोरा_मिरज

आमच्याकडं बघा. सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेले असतात ते निसर्गानं केलेले गोल, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात. म्हणून आवाज घुमतो. लाकडी खोक्याला तो घुमारा नाही. गोलाची जादू.

---

कुपवाडकर

दादा, भोपळ्याबद्दल आदर ठेवून थोडं भांडतो. पोकळीच्या घुमण्याचा अभ्यास हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात केला, आणि त्यानं वापरलेली भांडी खरंच गोल होती. पण त्याच्याच हिशेबात पोकळीचा आकार येत नाही. आत हवा किती आणि तोंड केवढं, एवढंच येतं. चौकोनी डबा घ्या, हवा तेवढी आणि तोंड तेवढं, की तोच सूर.

---

तंबोरा_मिरज

मग चौकोनी भोपळा लावून जवारी (तारेचा घुमणारा झंकार) काढून दाखवा, मी स्वतः वाजवायला येतो.

---

कुपवाडकर

😀 हरलो. तंबोऱ्यात तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी), भोपळ्याची जाडी, लाकूड, सगळंच बोलतं. भोपळ्याची भिंत एवढी पातळ असून तारांचा ताण सोसते, ते मात्र गोलाईमुळं. दोन्ही बाजूंनी वाकलेली भिंत ताण सगळीकडं वाटून घेते.

याच कारणानं रिफायनरीजवळ गॅसच्या मोठ्या टाक्या चेंडूसारख्या दिसतात. तेवढाच दाब, तेवढाच व्यास असेल तर गोल टाकीच्या पत्र्यावर नळकांड्याच्या टाकीच्या निम्माच ताण येतो. पत्रा निम्म्या जाडीचा चालतो. मग घरचा सिलिंडर गोल का नाही? कारण गोल टाकी करायला पत्र्याच्या पाकळ्या वाकवून जोडाव्या लागतात, ते काम महाग आहे. आणि गोल सिलिंडर ओट्याखालनं गडगडत अंगणात जाईल ते वेगळंच.

---

विट्याची_लेक

पुण्यात डेटाचं काम करते, माहेर विटा. मास्तर, मी तुमच्या "बांगडी का चेंडू"च्या पुढं जाऊ का? चेंडूच्या पुढंही गोल असतात. मध्यापासून सारखं अंतर, ही एकच अट धरून चार मिती, शंभर मिती, कितीही. चित्र काढता येत नाही, पण हिशेब करता येतो. आणि आमच्या कामात एकेका गिऱ्हाइकाची शंभर-शंभर मापं असतात, म्हणजे आम्ही शंभर मितींतच राहतो.

माळरानकाका, तुमच्या मण्याची साल त्रिज्येच्या एक टक्का जाड आहे असं समजा. आपल्या तीन मितींत अशा मण्याचा तीन टक्के भाग साल. शंभर मितींच्या द्राक्षात मात्र त्रेसष्ट टक्के भाग सालच! गर शोधावा लागेल. हे कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते.

आणि सुगरणताई, तुमच्या लाडवांबद्दल. डब्यात लाडू कसेही ओतले तर साधारण चौसष्ट टक्के जागा भरते. बाजारात संत्री रचतात तसे, दोघातिघांच्या खाचेत वरचा, असे रचले तर चौऱ्याहत्तर टक्के. याहून चांगली रचना नाही, असं केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं. प्रश्नाचं मूळ तोफगोळ्यांच्या ढिगात होतं. सिद्धता टॉमस हेल्सनं १९९८ मध्ये मांडली, आणि ती इतकी किचकट होती की संगणकाकडून ओळ न ओळ तपासून घ्यायला २०१४ उजाडलं. चारशे वर्षं! आठ मितींत हाच प्रश्न युक्रेनच्या मरिना व्याझोव्स्कानं २०१६ मध्ये सोडवला, तिला २०२२ मध्ये फील्ड्स पदक (गणितातला मोठ्ठा मान) मिळालं.

---

सुगरण_औंध

चौसष्ट टक्के म्हणजे पाव डब्याहून जास्त हवाच विकते मी? गिऱ्हाइकाला सांगू नका हां.

---

कन्या_दहावी_ब

पप्पांच्या मोबाइलवरनं नाही, माझं वेगळं खातं काढलंय.

एक लिंबू मध्ये ठेवलं तर त्याला एकाच वेळी सारखीच किती लिंबं चिकटू शकतात? मी टूथपिकनं केलं तर बारा बसली, पण मध्ये जागा उरते. तेरावं बसेल असं वाटतं.

---

विट्याची_लेक

अगं, याच गोष्टीवरून न्यूटन आणि डेव्हिड ग्रेगरी यांचा १६९४ मध्ये वाद झाला! न्यूटन म्हणे बारा, ग्रेगरी म्हणे तेरावा बसेल. तुला जी जागा दिसली तीच ग्रेगरीला दिसली होती. बारावर शिक्कामोर्तब व्हायला १९५३ साल उजाडलं. उरलेली जागा खरी आहे, पण ती एका ठिकाणी गोळाच होत नाही. बारा लिंबं सरकवून बघ, कळेल.

---

अजिंक्यतारा_मास्तर

बाळ, परीक्षा कधी आहे? तोपर्यंत लिंबं बाजूला. पण एक प्रयोग परीक्षेच्या कामाचा आहे. मोसंबं मधोमध कापून कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव. अशी चार वर्तुळं काढ. मग साल सोलून बारीक तुकडे करून वर्तुळं भरत जा.

दुसरं मोसंबं न सोलता त्यावर बॉलपेननं त्रिकोण काढ. देठापासून सरळ खाली मधल्या रेषेपर्यंत, तिथून काटकोनात वळून पाव फेरा, परत काटकोनात वळून देठाकडं. तीन कोन मोज.

---

कन्या_दहावी_ब

केलं सर. सालीनं साडेतीन वर्तुळं भरली, मग आईनं साल ओढून घेतली (लोणच्याला). पण तुकड्यांमध्ये फटी पण नव्हत्या आणि एकावर एक पण चढले होते, म्हणजे चार धरू का?

त्रिकोणाचे तीनही कोन ९०. बेरीज २७०!! हे परीक्षेत लिहिलं तर?

---

अजिंक्यतारा_मास्तर

चढले होते तर धर चार. देठाजवळची साल जाड असते, तिथं दाबून पसरावी.

परीक्षेत १८०च लिहायचं, कारण तिथला त्रिकोण कागदावरचा असतो. गोलावर बेरीज नेहमी १८० च्या वर, आणि त्रिकोण जेवढा मोठा तेवढी जास्त. पृथ्वीवर सुमारे १९७ चौरस किलोमीटरला एक सेकंद जास्त, सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आपला सांगली जिल्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा, तेवढ्या त्रिकोणात बेरीज १८० अंश आणि वर साधारण ४३ सेकंद. ही कटकट कागदावरची नाही. १८०२ मध्ये मद्रासला हिंदुस्थानच्या मोजणीचं काम सुरू करणाऱ्या लॅम्बटनला प्रत्येक मोठ्या त्रिकोणात हा हिशेब वजा करावा लागे. तो १८२३ मध्ये वारला, तोही आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, मोजणी करता करताच.

साल सपाट करताना ती फाटली असेल ना? ती फाटणारच. न फाडता, न ताणता गोल सपाट करता येत नाही, हे गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं. म्हणून भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका चौदा पट मोठी आहे, आणि ग्रीनलंड आपल्या भारताहूनही लहान.

---

शंकासूर

हे सगळं ठीक, पण त्या चाराचा उपयोग काय? मोसंब्याची साल मोजून कुणाचं भलं झालंय?

---

विट्याची_लेक

शंकासूरकाका, तुमच्या सोलर पॅनेलचं. सूर्याकडनं पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला १३६१ वॉट येतात. पृथ्वी ते अडवते ती वर्तुळाएवढी, तिची सावली पडते ना तेवढी. पण वाटायचं असतं सगळ्या गोलावर, दिवस-रात्र-ध्रुव सगळं धरून. म्हणजे चारानं भागा, सरासरी ३४० वॉट. हवामानाचा सगळा जमाखर्च या आकड्यापासून सुरू होतो.

---

शंकासूर

म्हणजे पृथ्वीच्या वाट्याला चौथाईच. साताऱ्याच्या गादीनं वसूल केली होती तशी. बरं, पटलं.

---

बेदाणा_सावळज

शंकासूरला पटलं? धागा जपून ठेवा रे.

---

कुपवाडकर

माळरानदादा, मूळ मुद्दा राहिला. तुमच्या व्हर्नियरनं मणी १८ भरतात आणि त्याच्या पट्टीतनं पडतात. मग मणी बारके, का भोक मोठं?

मऊ मण्यानं भोक तपासता येत नाही, दाबला की जातो. भोक तपासायला गोलच पाहिजे, पण पोलादी. बेअरिंगची गोळी कशीही फिरवा, व्यास तोच. वाकडी धरली, तिरकी टाकली, असली भानगडच नाही. म्हणून तर किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरवताना शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा एक किलोचा गोळा घासून घासून केला, व्यास ९४ मिलिमीटरला थोडा कमी. कोपरा नाही म्हणून टवका उडत नाही, आणि व्यास मोजला की घनफळ हातात. त्यातल्या अणूंच्या हिशेबाचाही आधार घेऊन २० मे २०१९ पासून पॅरिसजवळचं जुनं वजन रिटायर झालं.

माझ्याकडं १८ मिमीच्या गोळ्या आहेत. एक धाडून देतो. वजन चोवीस ग्रॅम भरलं पाहिजे, घरी काट्यावर टाकून बघा.

---

माळरान_तासगाव

गोळी मिळाली. काट्यावर २४ दाखवतं.

काल तोच व्यापारी शेजारच्या बागेत आला होता. चहाला बोलावलं. पट्टी मागितली, १८ च्या भोकावर गोळी ठेवली. अडकायला तरी पाहिजे होती, किंवा घासत तरी जायला पाहिजे होती. टप्पकन फरशीवर पडली आणि कपाटाखाली गेली. व्हर्नियर लावला तर भोक १८.४.

तो म्हणाला, "पट्टी जुनी झालीय, झिजली असंल." असंल. लेकीनं आतल्या खोलीतनंच आवाज दिला, "पॉइंट चार म्हणजे पावणेसात टक्के जास्त गर मागताय काका."

सातापैकी चार रुपये वाढवून मिळाले. कपाट सरकवून गोळी काढली, आता ती शर्टच्या खिशात असते. आवळे मात्र अजून मिळाले नाहीत मास्तर, मंडईत सीझन संपलाय म्हणतात.